न फाटलेला सदरा

सूरह यूसुफचा किस्सा आपल्या घरांतल्या लहान मुलांनाही ठाऊक असतो. रात्र पडल्यावर भाऊ रडत रडत घरी येतात आणि वडिलांना सांगतात की आम्ही शर्यत लावून धावत होतो, यूसुफला सामानापाशी बसवले होते, तेवढ्यात लांडग्याने त्याला खाल्ले. सोबत रक्ताने माखलेला सदरा. थोडक्यात, एक मुलगा बेपत्ता, साक्षीदार अनेक, सगळ्यांची साक्ष एकमुखी, डोळ्यांत पाणी, आणि वर वस्तूचा पुरावाही हातात. एवढ्यावर आजचा कुठलाही तपास अधिकारी फाइल बंद करील.

हजरत याकूब (अलै.) यांनी केली नाही. मुफस्सिरांनी नोंदवले आहे की त्यांनी तो सदरा हातात घेऊन पाहिला आणि त्यांना नवल वाटले. लांडगा असा कसा की मुलाला खाऊन टाकले आणि कापड मात्र कुठे फाटू दिले नाही! सांगणाऱ्यांची संख्या किती, ते किती रडतात, यावर त्यांचे लक्ष नव्हते. सांगितलेली हकीकत आणि हातातली वस्तू यांचा मेळ बसतो का, एवढेच त्यांनी पाहिले.

त्यांनी काय केले नाही हेही आम्हाला तितकेच मोलाचे वाटते. हकीकत खोटी आहे हे ओळखल्यावर त्यांनी दुसरी हकीकत स्वतः रचली नाही. ‘तुम्ही त्याला मारले’ असेही ते म्हणाले नाहीत, कारण तेही त्यांना माहीत नव्हते. खोटे ओळखणे आणि खरे सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या मोकळ्या जागेत त्यांनी कित्येक वर्षे काढली.

या महिन्यात हा विषय घेण्याचे कारण एका वाचकाचा प्रश्न. मालेगावच्या २००८ सालच्या स्फोट खटल्याचा निकाल ३१ जुलै २०२५ रोजी लागला, तेव्हापासून तो प्रश्न नाशिकात, मालेगावात, चहाच्या टपरीपासून मशिदीच्या पायऱ्यांपर्यंत कानावर येतो. त्याकडे आम्ही शेवटी येऊ. आधी परभणीच्या एका मुलाची गोष्ट सांगायला हवी. तिच्याशिवाय त्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

ख्वाजा यूनुस. वय २७, शिक्षणाने अभियंता, दुबईला नोकरी करणारा. २ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत घाटकोपर स्टेशनजवळ बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला, त्यात दोन जण मरण पावले. त्या तपासात २५ डिसेंबरला यूनुसला पकडण्यात आले. पोटा कायदा तेव्हा लागू होता. ६ जानेवारी २००३ नंतर त्याला पोलिसांखेरीज कोणी पाहिलेले नाही.

पोलिसांचे म्हणणे असे की त्याला तपासासाठी मुंबईहून औरंगाबादला नेले जात होते. वाटेत पारनेरजवळ, म्हणजे आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात, जीपला अपघात झाला आणि त्या गोंधळात बेड्या घातलेला यूनुस पळून गेला. तशी फिर्याद पारनेर पोलीस ठाण्यात दाखल झाली. फिर्याद देणारे अधिकारी होते सचिन वाझे. हे नाव पुढे २०२१ साली सबंध देशाला वेगळ्या कारणाने कळले. आमचे काम इथे त्या फिर्यादीपुरते आहे.

आता हा सदरा हातात घेऊन पाहू. मुंबईत बॉम्बस्फोटाच्या आरोपाखाली पकडलेला माणूस, पोटासारखा कायदा, हातात बेड्या, भोवती सशस्त्र पोलीस. असा माणूस आडरानात निसटला तर काय व्हायला हवे? आसपासची गावे पिंजून काढली जातील, नाक्यानाक्यावर गाड्या अडवल्या जातील, बेड्या तोडून देणाऱ्या लोहाराचा शोध लागेल, त्याच्या नातेवाइकांच्या घरावर पहारा बसेल. एखादा पाकीटमार पळाला तरी ठाण्यात धावपळ उडते. आणि गाडी उलटण्याइतका अपघात झाला असेल तर त्याच्या खुणा गाडीवर आणि गाडीतल्या माणसांच्या अंगावर उमटायला हव्यात. लांडग्याने खाल्ले म्हणता, मग सदरा फाटलेला दाखवा.

आईवडिलांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. न्यायालयाच्या आदेशाने तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीआयडीकडे गेला. पलायनाची ती हकीकत बनावट आहे, असा निष्कर्ष सीआयडीने काढला. ध्यानात घ्या, असे म्हणणारी कोणी मानवी हक्कांची संघटना किंवा उर्दू वर्तमानपत्र नव्हते. पोलीस खात्याच्याच एका शाखेने हे म्हटले होते. २००४ साली वाझे यांना अटक झाली आणि ते निलंबित झाले.

‘पळून गेला’ ही हकीकत पारनेरला पहिल्यांदा सांगितली गेली असेही नाही. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा या आईचे प्रकरण कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. १९८७ साली त्यांच्या २२ वर्षांच्या मुलाला पोलीस चौकीत नेले. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वेच्या रुळावर मिळाले. पोलीस म्हणाले, त्याला बांधलेली दोरी त्याने दातांनी चावून तोडली आणि पहाटे तो पळाला, मग गाडीखाली आला. आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून स्वीकारले. १९९३ च्या निकालात न्यायालयाने जे मुद्दे पाहिले त्यातला एक फार साधा होता. मुलगा खरोखर पळाला असेल तर पोलिसांनी त्याचा शोध घेतल्याचा विश्वासार्ह, स्वतंत्र पुरावा कुठे आहे? तो नव्हता. दीड लाख रुपयांची भरपाई मिळाली. ज्याच्या ताब्यात माणूस होता, त्यानेच सांगायचे की त्याचे काय झाले, ही अपेक्षा कायद्याच्या पुस्तकात पक्की बसली ती अशा आयांमुळे.

नीलाबतींना निदान प्रेत मिळाले. परभणीच्या आसिया बेगम यांना तेही नाही.

आता दुसऱ्या बाजूची साक्ष. घाटकोपर प्रकरणात यूनुसबरोबर पकडलेल्यांमध्ये एक डॉक्टर होते. त्यांनी सांगितले की ६ जानेवारीला पोलिसांच्या ताब्यात असताना आपण यूनुसला पाहिले. त्याच्या अंगावरचे कपडे काढले होते, छातीवर आणि पोटावर पट्ट्याने मारले जात होते, आणि त्याला रक्ताची उलटी झाली.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना ही साक्ष ऐकताक्षणी खरी वाटेल. म्हणूनच हिच्याकडेही त्याच नजरेने पाहायला हवे. हा साक्षीदार त्याच खटल्यातला आरोपी होता. पोलिसांवर आरोप करण्यात आरोपीचा फायदा असू शकतो, आणि बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच विचारील. तो विचारण्याचा त्याला हक्क आहे. उत्तर आम्हाला असे दिसते. २००५ साली घाटकोपर खटल्यातून हे डॉक्टर आणि बाकीचे आरोपी निर्दोष सुटले. त्यानंतर पोलिसांविरुद्ध बोलून त्यांना काही मिळायचे राहिले नव्हते, गमवायचे मात्र पुष्कळ होते. तरीही २०१८ च्या जानेवारीत, पंधरा वर्षांनी, ते न्यायालयात उभे राहिले आणि तेच पुन्हा शपथेवर बोलले. ज्यांची नावे घेतली त्यात आरोपींच्या यादीत नसलेले चार अधिकारीही होते. फायदा संपल्यावरही माणूस त्याच साक्षीवर टिकून राहतो तेव्हा तिचे वजन वाढते. शिवाय डॉक्टर माणूस, रक्ताच्या उलटीचा अर्थ त्याला कळतो.

पण या साक्षीची हद्दही ओळखायला हवी. डॉक्टरांनी मारहाण पाहिली. मृत्यू पाहिला नाही. प्रेताचे काय झाले हे त्यांना माहीत नाही, आणि त्यांनी तसा दावा केल्याचेही आमच्या वाचनात नाही. ही साक्ष आम्हाला भरवशाची वाटते त्याचे हे एक मोठे कारण आहे. खोटी साक्ष बहुधा गोष्ट शेवटापर्यंत नेते, तिच्यात फट राहत नाही. यूसुफच्या भावांनी बघा, लांडगाही दाखवला आणि सदराही आणला. खरा साक्षीदार जिथे त्याची नजर थांबली तिथे थांबतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला सतत खुपते. ती कायद्याच्या पुस्तकातली नाही, साध्या व्यवहारातली आहे. समजा यूनुस खरोखर पळाला. लपून राहिला. २००५ साली त्याच्याबरोबरचे आरोपी सुटले. ज्या खटल्याच्या भीतीने तो पळाला असेल तो खटलाच कोसळला. परतून न्यायालयापुढे उभे राहण्यात त्याला कसली अडचण होती? दुबईची नोकरी, परभणीचे घर, आई, भाऊ. त्याने एक फोनही केला नाही. वडील वारले, तरी नाही. पळालेल्या माणसाला घरी यायचे असते, निदान आवाज ऐकायचा असतो. आमच्या मते पारनेरच्या फिर्यादीविरुद्ध हा सर्वांत जड पुरावा आहे, आणि तो देणारा एकही साक्षीदार नाही.

खटल्याचे पुढे काय झाले ते थोडक्यात. सीआयडीला १४ पोलिसांवर खटला भरायचा होता, शासनाने मंजुरी दिली चौघांसाठी. बाकीच्यांवरही खटला चालावा म्हणून आसिया बेगम उच्च न्यायालयात गेल्या. २०१२ साली ती मागणी नाकारली गेली, मात्र भरपाई २० लाखांपर्यंत वाढवण्याचा आदेश झाला. २०१८ मध्ये डॉक्टरांची साक्ष झाल्यावर विशेष सरकारी वकिलांनी आणखी चार अधिकाऱ्यांना आरोपी करावे असा अर्ज दिला, आणि काही आठवड्यांतच शासनाने त्या वकिलांची नेमणूक रद्द केली. २०२० च्या जूनमध्ये चारही आरोपी पोलीस सेवेत परत घेतले गेले. आरोप सिद्ध झालेले नाहीत, आणि ते होईपर्यंत कोणाला गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण तपास कोणत्या वेगाने चालला हे म्हणण्याचा आहे. पहिला महत्त्वाचा साक्षीदार शपथ घ्यायला उभा राहिला तोवर यूनुसबरोबर शाळेत असलेल्यांची मुले दहावीला बसली असतील.

एखादी बहीण विचारील, फिर्याद खरी की खोटी याने आता काय फरक पडतो, मुलगा तर गेलाच. फरक पडतो, आणि तो घरात पडतो. कागदावर जो ‘फरार’ आहे तो जिवंत आहे. त्याचा मृत्यूचा दाखला निघत नाही. त्याची जनाजाची नमाज होत नाही, वारसा वाटला जात नाही, बँकेतले पैसे अडकतात. सात वर्षे ज्यांना खबर मिळायला हवी होती त्यांना ती मिळाली नाही, तर माणूस मेला असे न्यायालय गृहीत धरू शकते. पुराव्याच्या जुन्या कायद्यात हे कलम १०८ होते, २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमात ते १११ आहे. पण ‘तो पळाला’ असे पोलिसांच्या दप्तरात असेल तर लपलेला माणूस कसा खबर देईल, असे म्हणायलाही जागा राहते. एका खोट्या ओळीने आईचा शोकही अडवून ठेवता येतो.

आपल्या फिकहमध्ये अशा बेपत्ता माणसाला ‘मफकूद’ म्हणतात आणि त्याच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातली सर्वांत नाजूक बाब पत्नीची. हनफी फिकहप्रमाणे तिला फार दीर्घकाळ थांबावे लागे. या देशातल्या स्त्रियांची त्यामुळे काय अवस्था होते हे पाहून मौलाना अशरफ अली थानवी यांनी ‘अल-हीलतुन्नाजिझा’ या ग्रंथात मालिकी मताचा आधार घेऊन चार वर्षांचा मार्ग मोकळा केला. त्या विचारमंथनातून १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल तर पत्नी न्यायालयाकडून निकाह संपवून घेऊ शकते. हुकूमनामा मात्र सहा महिन्यांनी अमलात येतो, तेवढ्यात तो परतला आणि नांदवायला तयार असेल तर न्यायालय तो रद्द करते. किती काळजीने ही तरतूद केली आहे पाहा. माणूस परत येऊ शकतो ही शक्यता शेवटपर्यंत धरून ठेवली आहे, आणि तरीही जिवंत स्त्रीचे आयुष्य त्या शक्यतेला बांधून टाकलेले नाही. आमच्या ओळखीत, आखातात गेलेल्या नवऱ्याची वर्षानुवर्षे खबर नसलेल्या बहिणी आहेत. त्यांपैकी काहींना हा कायदा आहे हेच माहीत नव्हते.

आता त्या वाचकाच्या प्रश्नाकडे.

२९ सप्टेंबर २००८, रमजानचे दिवस, मालेगावचा भिक्कू चौक. स्फोटात सहा जण मरण पावले, अनेक जखमी झाले. हेमंत करकरे यांच्या नेतृत्वाखाली दहशतवादविरोधी पथकाने, एटीएसने तपास केला, पुढे तो राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला, आणि १७ वर्षांनी सातही आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. रामजी कलसांगरा आणि संदीप डांगे ही दोन नावे मात्र सुरुवातीपासून ‘फरार’ म्हणून कागदावर आहेत. आणि एक तिसरे नाव आहे जे या चर्चेत क्वचितच निघते, दिलीप पाटीदार. हा इंदूरचा माणूस. २००८ च्या नोव्हेंबरात एटीएसने त्याला चौकशीसाठी घरातून नेले, त्यानंतर तो घरी आलेला नाही. पथकाचे म्हणणे, चौकशी करून सोडून दिले. घरचे मध्य प्रदेश उच्च न्यायालयात गेले, सीबीआयने चौकशी केली, आणि पथकाच्या अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले.

२०१६ साली एटीएसचे निलंबित निरीक्षक मेहबूब मुजावर यांनी सोलापूरच्या न्यायालयापुढे असे मांडले की कलसांगरा आणि डांगे फरार नाहीत, ते पोलिसांकडूनच मारले गेले आहेत. निकालानंतर मुजावर पुन्हा बोलले, त्यांची चित्रफीत घराघरांतल्या मोबाइलवर फिरली. मालेगावच्या वाचकाचा प्रश्न हा की, मुजावरांवर विश्वास ठेवायचा का? आणि त्याच दमात त्यांनी स्वतःच उत्तरही दिले होते की हा माणूस विकला गेला आहे, करकरेंचे नाव खराब करण्यासाठी त्याला उभे केले आहे. त्या इंदूरवाल्याचे आपल्याला काय, असेही वाक्य पत्रात होते.

मुजावरांचे म्हणणे तपासून पाहू. घटना २००८ ची, ते बोलले २०१६ ला. आठ वर्षे गप्प का, हा प्रश्न रास्त आहे. बोलले तेव्हा त्यांच्यावर स्वतःवर खटला चालू होता, आणि आपल्याला गुंतवले गेले ही त्यांची तक्रार होती, म्हणजे बोलण्यात त्यांचा स्वार्थ असू शकतो. ज्या मृत्यूंविषयी ते बोलतात ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की कोणाकडून ऐकले, यावर सगळे अवलंबून आहे, आणि चित्रफितीतून ते ठरत नाही. मालेगावच्या निकालातही बचाव पक्षाने त्यांच्या म्हणण्यावर उभा केलेला युक्तिवाद न्यायालयाने मान्य केलेला नाही. या साक्षीवर शंका घ्यायला इतकी कारणे पुरेशी आहेत.

तिच्यावर शंका घ्यायला न पुरणारे कारण एकच, ती आपल्याला आवडत नाही.

आणि हेही आम्ही वाचकाच्या लक्षात आणून देतो, की मुजावरांवर हसणारेही याच तराजूत बसतात. ते मुसलमान आहेत म्हणून दुसऱ्या बाजूच्या लोकांनी त्यांची साक्ष डोक्यावर घेतली, बघा त्यांचाच माणूस सांगतो म्हणून. साक्षीदाराचे नाव बघून साक्ष मोजण्याचा हा प्रकार आपल्याला चांगलाच परिचित आहे, कारण त्याची किंमत याच जिल्ह्याने चुकवली आहे. २००६ साली शब-ए-बरातच्या दिवशी मालेगावात बड्या कब्रस्तानाजवळ स्फोट झाले तेव्हा नऊ मुस्लिम तरुणांना पकडले गेले. त्यांच्यातल्याच एकाचा माफीचा साक्षीदार म्हणून वापर झाला, आणि त्याने पुढे ते म्हणणे मागे घेतले. ज्याने बॉम्ब ठेवला असे सांगितले गेले तो त्या दिवशी शेकडो किलोमीटरवर, यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावात नमाज पढवत होता, असे गावकरी सांगत होते. दुसरा एक स्फोटाच्या आधीपासूनच मुंबई पोलिसांच्या कोठडीत होता! तरी पाच वर्षे तुरुंगात गेली, आणि २०१६ साली न्यायालयाने त्यांना आरोपातून मुक्त केले तेव्हा त्यांच्यातला एक जण या जगात नव्हता. सदरा कुठेच फाटलेला नव्हता. पण आरोपींची नावे पाहून कोणाला तो उलटून बघावासाच वाटला नाही.

सूरह माइदामध्ये ताकीद आहे की एखाद्या समूहाचा द्वेष तुम्हाला न्याय सोडायला लावू नये. जुम्याच्या खुतब्यात ही आयत आपण अनेकदा ऐकतो, बहुधा ती दुसऱ्यांना ऐकवायची आहे असे समजून. पाटीदारचे घर ही आपल्यासाठी तिची परीक्षा आहे. पारनेरचे ‘पळून गेला’ आणि इंदूरचे ‘सोडून दिले’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून बघा. माणूस पोलिसांच्या ताब्यात होता, हे दोन्हीकडे मान्य. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही, हेही दोन्हीकडे मान्य. सोडले तर कोणत्या तारखेला, कोणाच्या हवाली, कुठल्या नोंदवहीत कोणाच्या सहीने? हे प्रश्न आसिया बेगम यांच्या मुलासाठी रास्त असतील तर इंदूरच्या त्या घरासाठीही रास्त आहेत. एक पथक आपल्या बाजूचे वाटले म्हणून त्याच्या नोंदवहीला माफी नाही. करकरेंविषयी आमच्या मनात आदर आहे. त्या आदराने पाटीदारच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, आणि पाटीदारच्या प्रश्नाने मालेगावच्या सहा मृतांचा हक्क तसूभर कमी होत नाही.

२००५ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत एक सुधारणा झाली. कोठडीत माणूस मेला किंवा कोठडीतून नाहीसा झाला, तर पोलिसांच्या चौकशीखेरीज न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतंत्र चौकशी करायची. ‘नाहीसा झाला’ हा शब्द कायद्यात यायला यूनुसनंतरची दोन वर्षे लागली. त्याही आधी, १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचा पंचनामा करणे, त्यावर घरच्या किंवा गावच्या माणसाची सही घेणे, नातेवाइकांना कळवणे बंधनकारक आहे. आपल्या घरातून, मोहल्ल्यातून कोणाला नेले तर हा कागद मागा. मिळाला नाही तर मागितल्याची वेळ लिहून ठेवा, गाडीचा क्रमांक लिहा, कोण आले, काय बोलले, त्याच रात्री लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि दुसऱ्या दिवशी वकिलामार्फत पाठवा. महिन्याभराने आठवून सांगितलेले टिकत नाही. लिहिताना फक्त पाहिलेले लिहा. ‘त्यांनी त्याला नक्की मारले असणार’ हे वाक्य त्यात आले की बाकीची दहा खरी वाक्येही दुबळी होतात.

मालेगावच्या वाचकाला आमचे उत्तर असे. मुजावरांच्या म्हणण्यावर आज विश्वास ठेवू नका, आणि ते खोटे आहे असेही सांगत फिरू नका. त्यांना शपथेवर बोलू द्या, त्यांची उलटतपासणी होऊ द्या, ज्या दिवसाविषयी ते बोलतात त्या दिवसाच्या नोंदी न्यायालयापुढे येऊ द्या, ही मागणी करा. ती मागणी मालेगावातून, भिक्कू चौकात माणसे गमावलेल्या घरांतून निघाली तर तिला जे वजन येईल ते नाशिक-मुंबईच्या शंभर निवेदनांना येणार नाही. इंदूरच्या त्या घराचा पत्ता न्यायालयाच्या कागदांत आहे. पत्र लिहायचे असेल तर मजकुरासाठी आम्ही मदत करू.